देव्हाऱ्याची फळी

आप्पा, आई म्हणाली, "मला कशाला सांगतेस गो? त्यांना सांग." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिच्या बोलण्यात तुम्ही अजून पडवीत बसलेले असता. म्हणून सांगते. माळ्यावरची फणसाची फळी मी कापली.

तुमच्या सुतारशाळेत मी आता रविवारी चामडेकाम शिकवते. येणारे सगळे नवशिके: बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, कॉलेजच्या दोघी मुली, पावस गावचा एक बागायतदार, जो आंबा संपल्याशिवाय तोंड दाखवत नाही. पहिलं काम म्हणजे छोटी लाकडी पेटी, तिला आतून स्वेडचं अस्तर. स्वेड ही कातड्याची लवदार बाजू, मखमलीसारखी मऊ, पण हट्टी. गोंद लाकडाला लावायचा, कातड्याला नाही. नाहीतर तो लवेतून वर येतो आणि डाग जात नाही. बागायतदार घाई करतो. त्याला मी म्हणते, "घाई आहे तर खिळे ठोका, सांधे कशाला करता?" हे तुमचं बोलणं आहे, हे त्यांना माहीत नाही.

मी कॉलेजात असताना एकदा चपलेचा अंगठा तुटला. तुम्ही जेवायला घरात गेला होतात. मी चप्पल तुमच्या कामाच्या बाकावर ठेवून तुमच्या लहान हातोडीने बारीक खिळा मारत होते. तुम्ही दारात येऊन उभे. ओरडला नाहीत. हातोडी घेतलीत, विहिरीवर नेऊन धुतलीत, पुसलीत, जागेवर लावलीत. "चामडं ह्या बाकावर नाय."

"मग तुमच्या पायात काय आहे?"

"पायात आहे. पायातच असू दे."

हे वाक्य कुठून येतं, कोणाच्या हातांना लांब ठेवून येतं, ते मला पुढे कळलं. तुम्ही चुकत होतात. आज त्या बाकावर चामडं आहे आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. फळीचं तसं नाही.

परसातला फणस पडला तेव्हा त्याची सर्वांत पिवळी फळी तुम्ही माझ्या देव्हाऱ्यासाठी काढून ठेवलीत. "घर घे, मग करतो." मी घर घेतलं. तुम्ही फोनवर विचारायचात, "भिंत कुठली ठरवलीस? माप दे." मी म्हणायचे, "बघते." मला घरात देव ठेवायचेच नव्हते. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही त्या फळीचं टेबल केलं असतंत, पाट केला असतात. तुम्ही मापाची वाट बघत राहिलात, आणि मग राहिला नाहीत.

गेल्या आठवड्यात वर्गाला दाखवायला एक नमुन्याची पेटी हवी होती. प्लायची करून पाहिली. कडेला सोलपटं निघतात. मग माळ्यावर चढले. फळी वरून तपकिरी झाली होती. करवत लावली तेव्हा आत अजून तशीच हळदी. तुमच्या पटाशीने कोपरे काढले आणि त्याच पटाशीने स्वेडची कड कापली.

संध्याकाळी आई आली. तिने पेटीत हात घातला. "मांजराच्या पाठीसारखं लागतंय गो. कशाचं?"

"बकऱ्याचं."

मला वाटलं ती हात काढेल. तिने बोट उलटं फिरवलं, लव काळपट झाली. सुलटं फिरवलं, उजळली. पुन्हा उलटं फिरवलं. "आणि लाकूड कुठलं?"

"होती एक फळी."

"फणस पाडताना दोरी मी धरली होती. मला 'होती एक' सांगतेस?"

मी सांगायला तोंड उघडलं. त्यावर ती म्हणाली, त्यांना सांग, आणि दिवा लावायला आत गेली.

पेटी चांगली झाली आहे. तीन सांधे तुम्ही पास केले असतेत. उरलेल्या तुकड्यात देव्हारा बसत नाही. ते मी कापल्यानंतर मोजलं. हे तुमच्यापर्यंत पोचणार असतं तर मी इथेच थांबले असते. मला वाईट वाटतं आहे, पण ते आईने विचारल्यापासून. त्याआधी दिवसभर, तुमची पटाशी हातात असताना, मला तुमची एकदाही आठवण झाली नाही. आई म्हणते, मी गुणगुणत होते. तिला विहिरीपर्यंत ऐकू येत होतं.