पुढल्या वर्षी येरुशलाईमात

रवि. १५ ऑगस्ट ४८, नगर

बिरड्याचा रोजा. आम्हा यहुद्यांचं येरुशलाईमचं देऊळ शत्रूनं पाडलं, त्याचा शोक. बाहेर स्वातंत्र्याला वर्ष झालं म्हणून झेंडे, बँड. आत मी, हे नि सासूबाई उपाशी. शेजारच्या चाची दारात, "कुनाची मयत झाली का व्हय?" काय सांगू, दोन हजार वर्षांपूर्वी झाली म्हणून?

संध्याकाळी सासूबाईंनी वालाचं बिरडं वाढलं. जेवता जेवता हे म्हणाले, "आता तिकडे आपलं राज्य आलंय. रडायचं कशाला? जाऊ या." मला वाटलं, थट्टा.

गुरु. ११ नोव्हें.

थट्टा नव्हती. कुणी गाव विचारलं की जन्मभर नवगाव सांगायचे, पूर्वजांचं गलबत फुटलं ते कोकणातलं. काल शाळेत सांगून आले, माझं गाव येरुशलाईम. विचारलं, तिकडे बाजारात हिब्रू लागते म्हणे, वांगी कशी मागायची? पेपर तोंडासमोर धरला. प्रार्थना घडाघडा, अर्थ विचारला तर "पवित्र आहे". आणि वर्गात पोरांना अर्थ येत नाही म्हणून हेच छड्या मारतात. संताप संताप.

बुध. २ फेब्रु. ४९

मुंबईला जाऊन तिकडे जाणाऱ्यांत नावं देऊन आले. स्वतःचं नि माझं. मला विचारलं नाही. सासूबाईंचं दिलंच नाही. "आईला प्रवास झेपायचा नाही. मागाहून बघू." मागाहून कोण बघणार, चाची? लाज कशी वाटत नाही या माणसाला. सासूबाईंनी सगळं ऐकलं. भाकऱ्या थापत राहिल्या.

चार दिवस यांच्याशी बोलणार नाही.

बुध. १३ एप्रिल

पेसाहची, गुलामीतून सुटल्याच्या सणाची, पहिली रात्र. शेवटी म्हणायचं असतं, ल'शाना हबाआ बिरुशलाईम, पुढल्या वर्षी येरुशलाईमात. यांनी डोळे मिटून म्हटलं. मी तोंड मिटून बसले.

"म्हण की."

"नाही म्हणणार."

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बापानं जल्मभर म्हटलं. मुंबईचं बंदर बी बघितलं न्हाई. हे म्हनायचं असतं रं, जायचं नसतं."

"म्हणजे इतकी वर्षं आपण खोटं बोलत होतो?"

सासूबाईंनी यांच्याकडे बघत ते वाक्य एकदा खणखणीत म्हटलं नि उठल्या.

मागं ताटं उचलताना हळूच मला, "तू जानार का गं?"

नाही म्हणायला तोंड उघडलं. नि तशीच ताटं घेऊन मोरीकडे वळले. यांच्यावरचा राग कुठल्या कुठे, आता स्वतःचाच राग; यांच्यासारखीच मीही सासूबाईंना टाकून जाणार.