कोनाड्यातला गिलास

माय, मी तुझ्या घरी परत राहायला आले आहे. तू गेलीस तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, म्हणून तुला जावई ठाऊक नाही. ते इचोड्याहून ट्रक चालवायचे. झिजून झिजून गेले. मग माझं रक्त तपासलं, तर त्यांना होता तो एड्स मलाही निघाला. तुझ्या काळी या रोगाचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. सासूनं रडत रडत का होईना, पण माझी पेटी अंगणात आणून ठेवली.

इथे कापूस वेचायला जाते. दुपारी सगळ्या बाया अजूनही आपापल्या भाकरी एकाच फडक्यावर मांडतात. मी तुझ्यासारखीच जवसाची चटणी करून नेते. तुझ्या चटणीवर उड्या पडायच्या. आता म्हणतात, "आमचं पोट भरलं व बाई, तूच खाय." मी वेचलेला कापूस मात्र त्यांच्याच ढिगात पडतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. खरं तर मला राग यायला हवा. येते ती लाजच, जणू मीच काही चोरून केलं.

शेजारच्या काकीला टीबी झाला होता, आठवतं? तू तिला रोज गरम भाकरी द्यायचीस, पण वरून टाकून. तिचा गिलास दाराबाहेरच्या कोनाड्यात असायचा. एकदा मी त्यातून पाणी प्यायले, तर पाठीत धपाटा घातलास. "काऊन पेली व तू त्यातून? मराचं हाय काय तुले?" काकी तिथेच बसली होती. मान खाली घालून खात राहिली. तरी तुला मी वाईट म्हणणार नाही. गावात तिला जेवू घालणारी तू एकटीच होतीस.

मी आले त्या दिवशी वहिनीनं चहा दिला. चहा पिऊन मी गिलास धुतला आणि आपणहून त्या कोनाड्यात ठेवला. "राहू द्या ना ताई, आत ठेवा," असं वहिनी म्हणेल म्हणून जरा थांबले. ती म्हणाली नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. लेकीनं असं म्हणू नये, पण तू आधीच गेलीस याचं मला बरं वाटतं. तू असतीस तर मलाही रोज गरम भाकरी दिली असतीस. ती हातात ठेवली असतीस की वरून टाकली असतीस, हे बघणं माझ्यानं झालं नसतं.