धोतराखालचा पाय

सर, पाय जमत नाही. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, आणि मी, लातूरच्या शाळेत पोरांना चित्रकला शिकवता शिकवता पन्नाशी ओलांडलेला माणूस, एका पोटरीपुढे हात टेकून बसलोय. राग तुमचाच येतोय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून तुम्हालाच लिहून राहिलो.

झालंय असं, की इथल्या एका तालमीच्या दर्शनी भिंतीवर पैलवान काढायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. दोन माणसांएवढा उंच एकच पैलवान, आणि खाली कोपऱ्यात माझं नाव. इतक्या वर्षांत माझं नाव भिंतीवर पहिल्यांदाच येणार. तोंड झालं, छाती झाली, दंडसुद्धा बरे उतरले. पण पैलवानाला लंगोट असतो, सर. धोतर नसतं. तिथंच माझी बोंब. पुस्तकात बघून मांडीच्या, पोटरीच्या एकेका स्नायूची कड काढली आणि आत रंग भरला. तालमीचे वस्ताद आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, ह्याच्या पायात वांगी भरलीत का? ह्यो सलामीलाच पडंल की!" पोरं फिदीफिदी हसली. जत्रेच्या कुस्त्यांपर्यंत पाय सुधारला तर ठीक, न्हाईतर चुना मारतो, असं त्यांनी तोंडावर सांगून टाकलं. जत्रा आता आठ दिवसांवर आहे.

हदगावच्या शाळेत तुम्ही आम्हाला काय शिकवलं? चुण्या! खुर्चीच्या पाठीवर ओलं धोतर टाकायचात आणि म्हणायचात, काढा. तुमच्याइतक्या चुण्या पुढं मी कुणाच्या हातून पाहिल्या नाहीत, हे कबूल. पण देव असो, शेतकरी असो, पुढारी असो, कमरेखाली धोतर ठरलेलं. "पाय अडला की धोतर नेसव, लेकरा. झाकलं की भागलं." मला वाटायचं, केवढी मोठी विद्या मिळाली!

आणि तो रविवार. मी आठवीत होतो. तुमच्या स्वयंपाकघरात काकू भाकरी थापतायत, तुम्ही पाटावर बसलायत आणि मी वही पुढं करतो. शेतातून येऊन ओट्यावर टेकलेले माझे वडील काढले होते, धोतर गुडघ्याच्या वर सरकलेलं. पोटरी अंगठ्यानं शिसं घासून घासून गोल केली होती. तुम्ही बघत राहिलात. काकूंनी ती भाकरी तव्यावरून काढली, दुसरी टाकली, तरी तुम्ही बघतच होता. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतलीत आणि चार रेघांत धोतर घोट्यापर्यंत ओढून दिलंत. "बापाचे उघडे पाय काढतो व्हय रे? लाज न्हाई वाटत?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. निघताना तुमची स्वतःची जाड शिसाची पेन्सिल माझ्या खिशात खोचलीत. शिव्या आणि बक्षीस एकाच दिवशी, मला काही उलगडेना. त्यानंतर मी उघडा पाय काढला नाही, सर. एकही नाही.

परवा वस्तादांनी माझा हात ओढून स्वतःच्या पोटरीवर ठेवला. "धरा. भिऊ नका. दोन फाका हायत बघा. बाहेरची वरच थांबती, आतली खाली उतरती. पाय म्हंजे कागद न्हाई मास्तर, त्याला मागची बाजू बी हाय." साठी उलटलेल्या माणसाची पोटरी, दगडासारखी. घरी येऊन मी माझ्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुतळी गुंडाळली आणि आरशापुढे उभा राहिलो. नडगीवर सुतळी ताठ जाते, मागं फुगते, दोन फाकांच्या मधे जरा आत दबते. ती सुतळीच तेवढी काढत गेलो. वीस पाय काढले, त्यातले तीन गोल झाले. भिंतीवर गेलो की मात्र पुन्हा वांगी! चाळीस वर्षांची खोड आठ दिवसांत कशी मोडणार? तेव्हा तुम्ही नुसतं "काढत राहा" म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?

एवढं भांडून पत्र संपवणार होतो. पाठवायचं तरी कुठं, म्हणा. पण एक सांगायचं राहिलं. काल नववीतल्या एका मुलीनं वही दाखवली. तिची आई, उभ्यानं वाकून खुरपताना, साडी वर खोचलेली. मी बराच वेळ बघत राहिलो. मग तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि साडी घोट्यापर्यंत खाली ओढली. "सर, पण खुरपताना साडी वर खोचतात की," ती म्हणाली. मी म्हणालो, "बरं दिसत नाही." ती वही मिटून घेऊन गेली.

पाय चुकला नव्हता, सर. नडगी ताठ होती, पोटरीची आतली फाक बरोबर खाली उतरली होती. माझ्या भिंतीवरच्यापेक्षा चांगला होता तो पाय, म्हणून मी तो झाकला.