ढकलायचं मशीन

मु. बोरपाणी, ता. चोपडा
१२ जानेवारी

चि. सौ. मंजुळा हिस,
भाऊचे अनेक आशीर्वाद.

फोनऐवजी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, आजार वाढलेला नाही. पावसाळ्यात झटका येऊन गेल्यापासून माझी जीभ जड झाली, हे तुला माहीतच आहे. मागच्या वेळी फोनवर मी काय बोललो ते तुला निम्मंही कळलं नव्हतं, तरी तू हो भाऊ, हो भाऊ करत होतीस. लहानपणापासून तू माझी एक गोष्ट निमूट ऐकली नाहीस, म्हणून लगेच ओळखलं. डावी बाजू लुळी पडली तरी उजवा हात शाबूत आहे, तेव्हा लिहितो. अक्षरं अडखळत नाहीत.

काम असं आहे. नाल्याकाठचं आपलं शेत यंदा पडीक राहिलं. टणटणी, बोरीची झुडपं आणि वेडी बाभूळ बांधापासून विहिरीपर्यंत माजलीत, असं आपला गडी वेस्ता सांगतो. त्याच्या एकट्याच्या कोयत्याला ते आवरणार नाही. जो येतो तो जेसीबी लावा म्हणतो. पण जेसीबी बांध खाईल, वरची माती खाली घालेल आणि सीताफळाची झाडंही उपटून जाईल. मला लहानसं यंत्र पाहिजे. धुळ्याला अवजारांची दुकानं पुष्कळ आहेत, तू जाऊन बघ. प्रेमराजदाजींना एकटं पाठवू नकोस. दुकानदाराने चहा पाजला की त्यांना समोरची वस्तू आवडते.

मी स्वतः अजून शेताकडे गेलेलो नाही. थंडी फार आहे.

लोभ आहे तसा ठेव.
तुझा भाऊ,
कौतिक


बोरपाणी
१४ जानेवारी

सौ. मंजुळाताई यांस,
सुंदरबाईचा स. न. वि. वि.

सोबत तिळगूळ आहे, गोड मानून घ्या. तुमच्या भावांचं पत्र मीच टाकलं, त्यामागोमाग हे माझं. फोन केला असता, पण हे दिवसभर घरातच असतात आणि कान मात्र पहिल्यापेक्षा तिखट झालेत.

थंडीचं काही खरं नाही, ताई. दिवाळीआधीपासून हे उंबऱ्याबाहेर पडलेले नाहीत. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. काठी आणली, ती दाराआड उभी आहे. एकदा तिला हात न लावता रस्त्याने निघाले, पाय ओढत. कुणीतरी ओट्यावरून हळहळत म्हणालं की कौतिकभाऊ काय ताठ चालायचे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. पण हे तिथूनच परत फिरले ते आजपर्यंत. आता अंगण आणि खाट. पायाला तेल लावताना माझ्या हाताला कळतं, डावी पोटरी बारीक होत चाललीय.

शेत साफ व्हावं असं मलाही वाटतं. पण ते वेस्ताने करावं आणि यांनी खाटेवर पडून विचारावं, असं होऊ नये. तसं झालं तर शेत मोकळं होईल आणि हे आणखी कोंडले जातील. तुम्हाला यंत्रातलं किती कळतं मला ठाऊक नाही, भावातलं कळतं. तेवढं धरून बघा.

माया असू द्या.
तुमची वहिनी,
सुंदर


धुळे
४ फेब्रुवारी

ती. भाऊस,
मंजुळाचा सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. तुझ्या यंत्रापायी पारोळा रोडवरची दुकानं पालथी घातली. आता मला गिऱ्हाईक नाही, तपासनीस समजतात.

पहिलं बघितलं ते खांद्यावर घ्यायचं ब्रश कटर. इंजिन पाठीवर, हातात लांब दांडा, टोकाला फिरतं पातं. झुडपं छान कापतं. मी ते यांच्या पाठीवर चढवलं आणि चालू करायला लावलं. हे नखशिखांत थरथरले. घरी येऊन जेवायला बसले तरी वरणाची वाटी हातात हलत होती. शिवाय त्याला दोन्ही हातांत जोर लागतो. ते सोडलं.

दुसरा छोटा ट्रॅक्टर. मागे झुडपं तोडायचं अवजार लागतं. हे त्याच्याभोवती नवऱ्यामुलासारखे फिरत होते. मी स्वतः चढून बसले, दुकानातली माणसं बघत राहिली. क्लच डाव्या पायाखाली आहे. मी उतरले.

तिसरं घेतलंय. दोन चाकं, पुढे पातं, मागे कमरेच्या उंचीला दोन मुठी. पेट्रोलवर चालतं. चाकं आपली आपण पुढे जातात, माणसाने मुठी धरून मागून चालायचं. अंगठ्याएवढं झुडूप कापतं, त्याहून जाड असेल ते वेस्ताने कुऱ्हाडीने काढावं. मुठीखालचा चाप दाबून धरला तरच चालतं, सोडला की चाकं आणि पातं दोन्ही थांबतात. तो चाप डाव्या मुठीला होता. मी मिस्त्रीसमोर खुर्ची टाकून बसले आणि तो उजव्या मुठीला करून घेतला. त्याने लांब केबल शोधेपर्यंत मी दुकानातून हलले नाही.

आता माझं ऐक. आधी डॉक्टरांना विचार. ते हो म्हणाले तरच. दगड उडतो, म्हणून पायात बूट आणि डोळ्यांना चष्मा. वेस्ता हाकेच्या अंतरावर पाहिजे. आणि चाप तुझ्या हातासाठी बदललाय, तेव्हा चालवायचं तूच.

वहिनींना नमस्कार. तुझा धाकटीवरचा जीव असाच राहो.
तुझी,
मंजुळा


बोरपाणी
२१ फेब्रुवारी

चि. सौ. मंजुळा हिस,
अनेक आशीर्वाद.

दाजी टेम्पोतून मशीन घेऊन आले. मी ठरवलं होतं की वेस्ताच्या हाती द्यायचं. त्याने अंगणात दोनदा चाप दाबून बघितला आणि म्हणाला, मले जमाव नही भाऊ, उलटं शे. बारा प्रकारची अवजारं हाताळलेला माणूस हा. त्याला तुम्ही कुणी आधी गाठलं होतं का, ते मी विचारत नाही.

डॉक्टरांनी होकार दिला, उन्हाआधी सकाळी थोडा थोडा वेळ. वेस्ता मागच्या दाराला बैलगाडी लावतो, तीतून मी नाल्याच्या वाटेने शेतात जातो. गावातून जावं लागत नाही ते बरं. बांधालगतचा एक पट्टा मोकळा झालाय. तुझं मशीन इतकं हळू चालतं की मधे एकदा होला पुढ्यात उतरला, दाणे टिपले आणि सावकाश उडून गेला.

एक अडचण आहे. डावा हात मुठीवरून घसरतो. मी सुंदरला म्हटलं की उपरण्याने मुठीला बांधून टाक. ती ऐकत नाही. तू तिला समजाव.

जीव लावतेस तसाच लावत जा.
तुझा भाऊ,
कौतिक


धुळे
२५ फेब्रुवारी

ती. भाऊस,
सा. न.

हात बांधायचा नाही. घसरला तर थांब आणि पुन्हा ठेव, हवं तर शंभर वेळा. बांधलास असं कळलं तर मी धुळ्याहून येऊन चाप परत डावीकडे करून देईन. आज एवढंच, कारण हात रागाने भरभर चाललाय.

तरीही तुझीच,
मंजुळा


बोरपाणी
१८ मार्च

सौ. मंजुळाताई यांस,
स. न. वि. वि.

हे तुम्हाला लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. हे पडले. लागलं म्हणावं तर गुडघा सोलवटलाय, हळद भरली, डॉक्टरांनाही दाखवून आणलं. आधी एवढं वाचून श्वास घ्या, मग पुढचं वाचा.

मी न्याहारी घेऊन बांधावर पोचले होते. बाभळीच्या खोडक्याला चाक अडलं आणि यांचा पाय मुडपला. चाप सुटला, मशीन जागच्या जागी थांबलं. हात बांधला नव्हता ते किती बरं. वेस्ता कुऱ्हाड टाकून धावला, मीही धावले. यांनी पडल्या जागेवरून उजवा हात वर केला आणि दोघांनाही थांबवलं. आम्ही उभे राहिलो. मग हे गुडघ्यावर आले, मशीनचा दांडा धरला, एकदा परत बसले, पुन्हा धरला आणि उठले. भाकरी निवून गेली एवढा वेळ लागला. झटका आल्यापासून मी हात दिल्याशिवाय हे कधी उठले नव्हते, ताई. मला तिथे बघताना वाटत होतं की माझेच हात कुणीतरी धरून ठेवलेत.

त्यानंतर बांधावर बसून जेवले. मला म्हणाले, कांदा का नाही आणला.

पोटरीला पुन्हा मांस धरू लागलंय.

तुमचीच,
सुंदर


धुळे
२३ मार्च

ती. सौ. वहिनींस,
मंजुळाचा सा. न. वि. वि.

तुम्ही श्वास घ्या म्हणालात, मी घेतला नाही. पडले एवढं वाचलं आणि यांना टेम्पो ठरवायला पिटाळलं, मशीन परत आणायला. मीच ते त्याच्या हाती दिलं, मीच काढून घेते, असं डोक्यात बसलं. हे चौकापर्यंत गेले तेवढ्यात मी पत्र पुन्हा हाती घेतलं आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. मग यांना फोन करून माघारी बोलावलं. येताना हे कांदे घेऊन आले. मी कांद्याचं काही बोलले नव्हते, आपोआपच आणले. मला हसूही आलं आणि रडूही.

वेस्ताला सांगा, खोडके जमिनीबरोबर तोडत जा. तुम्ही स्वतः जेवत चला. तुमची माया आम्हा बहीणभावांवर आहे, ती सरू देऊ नका.

तुमची,
मंजुळा


बोरपाणी
१७ एप्रिल

चि. सौ. मंजुळा हिस,
भाऊचे अनेक आशीर्वाद.

शेत विहिरीपर्यंत मोकळं झालं. सीताफळं सगळी जागेवर आहेत. पाऊस झाला की तूर टाकीन म्हणतो. तू येशील तेव्हा बांधावर उभी राहा, नाल्यापलीकडचा डोंगर दिसतो.

आणि मंजुळा, मी खुळा नाही. झुडपं कापायला एवढं हळू यंत्र कुणी निवडत नाही. तू मला पांगुळगाडा पाठवलास आणि वर पेट्रोल भरून दिलंस. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. बोललो नाही, कारण बोललो असतो तर माझ्या मानी स्वभावाला ते सोडून द्यावं लागलं असतं. मला तर सोडायचं नव्हतं.

काल सकाळी शेतातून घरी निघताना बैल लंगडतोय असं दिसलं. खुरात काटा मोडला होता. वेस्ता म्हणाला, भाऊ, सावलीत बसा, मी कुणाची गाडी आणतो. मी बसलो. तो थोडा पुढे गेला आणि मी त्याला हाक मारून थांबवलं. सोबत चाल म्हटलं. हाताला धरू नको, नुसता चाल. नाल्याची वाट चढाची आहे, म्हणून गावातल्या रस्त्याने आलो. पाय ओढला जातो, तो ओढला. चावडीपाशी चार जण बसले होते, त्यांनी सरकून जागा दिली. त्यांना मशीनबद्दल विचारायचं होतं. मी गिअर, पातं, चाप सगळं समजावलं. दोनदा त्यांना माझं बोलणं कळलं नाही, त्यांनी परत विचारलं, मी परत सांगितलं. एकाला तसंच मशीन घ्यायचंय. दुकानात जाताना तुला घेऊन जा असा सल्ला मी दिलाय, तयारीत राहा.

घरी पुढच्या दाराने आलो. सुंदर ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिने गाडीचा आवाज ऐकला नव्हता, म्हणून मागे कोण आहे ते बघितलं. मग मलाच बघितलं. टरफलं बाजूला सारली, पदराने ओटा झाडला आणि आतून चटई आणून अंथरली, पाहुणा आल्यावर अंथरतात तशी. मी बसलो. तिने पाणी दिलं.

दाजींना नमस्कार. तुझी माया पुरून उरो.
तुझा भाऊ,
कौतिक