पिवळी खिडकी

सोमवार, १४ डिसेंबर २०१५, पासिर रिस

इंग्रिडच्या आजीची बहीण डोक्यातून जातच नाहीये. इंग्रिड माझी ऑफिसातली नॉर्वेची मैत्रीण. आज तिने आजीच्या बहिणीच्या एका चित्राचा फोटो पाठवला, आणि त्या आजीच्या बहिणीनेच रचलेल्या पियानोच्या धुनेच्या नोटेशनची कॉपी दिली. बाई कोळ्यांच्या गावात शाळामास्तरीण. उन्हाळाभर चित्रं काढायची. हिवाळ्यात तिकडे दिवसच उगवत नाही, रंग दिसत नाहीत, म्हणून मग संगीत लिहायची. काय बाई असेल! आणि आपण? इथे विषुववृत्ताजवळ बारा महिने संध्याकाळी सातपर्यंत उजेड, तरी वेळ नाही म्हणतो.

चित्र सगळं निळं. बर्फ, समुद्र, आभाळ. कोपऱ्यात एकच पिवळी खिडकी, नखाएवढी.

संध्याकाळी धून इरासमोर ठेवली. ही लेक पियानो सोडायचा म्हणून महिनाभर हटून बसलेली. "सो बोअरिंग लाह! सगळं खालीच वाजतंय," असं इथल्या पोरांच्या थाटात म्हणत कशीबशी वाजवत होती. मलाही मनातून तसंच वाटलं. शेवटी शेवटी एकच सूर एकदम वर गेला. इरा थांबली. माझा फोन ओढून तिने मघाशी दाखवलेलं चित्र पुन्हा पाहिलं.

"आई, धिस इज द विंडो!"

मला कसं नाही कळलं? ती पिवळी खिडकी चक्क ऐकू येते!

इंग्रिड म्हणाली होती, ही धून त्या गावाबाहेर कधी कुणी वाजवलीच नाही.

आता इराने हॉलमधले दिवे घालवलेत आणि अंधारात, आठवेल तशी, पुन्हा पहिल्यापासून वाजवतेय. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. समोरच्या ब्लॉकमधून आमच्या घराची एवढी एकच खिडकी उजळलेली दिसत असेल.