यंत्रावरची चादर

सर, उद्या तुमची पुण्यतिथी. फोटोला हार घालून दोन शब्द बोलायचं माझ्याकडं आलंय, कारण तुमच्या हाताखाली शिकलेली या कॉलेजात आता मी एकटीच उरले. उद्या गोडच बोलीन. खरं काय ते आज लिहिते. तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तुम्ही मेलात म्हणून तो गिळून टाकावा असंही मला वाटत नाही.

प्रयोगशाळेत ते नवं यंत्र आलं तेव्हा मी केवढी नाचले होते! तेव्हा मी रविवारीही प्रयोगशाळा उघडायची, डोंगरकडा गावाहून पोरं डबा बांधून यायची. यंत्र चालवायचं प्रशिक्षण पुण्याला होतं, आणि मीच जाणार असं सगळे धरून चालले होते. तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत, चहा पुढं सरकवलात आणि म्हणालात, "तू शिकून आलीस की दुसऱ्या कॉलेजात पळून जातीस. काहून रिकामी तकलीफ घेऊ? आपल्या विभागातल्या त्या दुसऱ्या सरांचं घर हितनं जवळच, जवळा बाजार गावात, शेत हितंच. त्यो कुठं जातो?" वा रे वा! ज्याला यंत्राकडं बघायचीही इच्छा नव्हती त्याला पाठवलंत, का, तर तो गावाला बांधलेला. तो पुण्यात फोटो काढून आला आणि यंत्रावर चादर टाकून मोकळा झाला. पोरांच्या बॅचेस निघून गेल्या, एकाचाही हात त्याला लागला नाही.

त्यानंतर घंटा झाली की मी पर्स उचलायची. रविवार बंद. आणि तुम्ही भर स्टाफरूममध्ये म्हणालात, "आजकाल कुणाचा कॉलेजवर जीवच राहिला न्हाई." तेही माझ्याकडं बघून! लाज कशी वाटली नाही हो?

आता विभाग माझ्याकडं आहे. काल नवी मॅडम प्रशिक्षणाला सोडा म्हणून आली, दारातच अडखळत. "मॅडम, मी परत येईन बराबर, शपथ घेते."

"शपथ कशाला गं? जा, शिकून ये."

तरी ती दारातून हलेना. तिला हाकलून देतेय असं वाटलं की काय, कुणास ठाऊक.

हे उद्या वाचणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. फक्त त्या दिवशी केबिनमध्ये रागाच्या भरात सांगायचं राहिलेलं एक सांगते. मी कुठंच जाणार नव्हते, सर. मला हितंच राहायचं होतं. तुम्ही विचारलंच न्हाई.