चालत न गेलेल्या पेत्राविषयी

मी, एपिफानिया लुमिबाओ, कैलासवासी म्हणता येणार नाही म्हणून प्रभुवासी तेओदोरो लुमिबाओ यांची विधवा, वय एकोणऐंशी, राहणार बुलानाव गाव, पांगासिनान प्रांत, फिलिपिन्स, व्यवसाय मयताच्या घरी नऊ दिवसांची प्रार्थना चालवणे, हे माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे गेलेले आहेत, पण वकील रुपेर्तो म्हणतात की कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. हे लिहायला मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून भुलवलेलेही नाही. मला मूलबाळ नाही, त्यामुळे वारसांत तंटा होण्याचा संभव कमी. तरी गाव आहे, म्हणून संभव आहेच.

कलम १. माझे राहते घर, मागची आंब्याची दोन झाडे आणि विहीर माझी धाकटी बहीण कोन्सोर्सिया हिला मिळावी. एकतीस वर्षांपूर्वी तिने आमचे कॅथलिक चर्च सोडले, पाण्यात बुडी मारून नव्याने बाप्तिस्मा घेतला आणि मूर्ती न मानणाऱ्या त्या पंथाचा पाळक गामालिएल तांदोक याच्याशी लग्न केले. त्या दिवसापासून मी तिच्या घरचे पाणी प्यायले नव्हते. जपमाळ ओढताना मात्र रोज एक मणी तिच्या नावाने ओढला, तिला सद्बुद्धी मिळावी म्हणून. तीही माझ्यासाठी हीच प्रार्थना करत होती, हे मला अलीकडे कळले. देवाने दोन्ही अर्ज बाजूला ठेवलेले दिसतात.

कलम २. माझी प्रार्थनेची वही, माझ्यामागून प्रार्थना चालवणाऱ्या बासिलिसाला द्यावी. आईच्या हातची आहे. त्यातले लॅटिन ना आईला कळत होते, ना मला, ना मेलेल्यांना. पण ऐकून सगळे रडतात. बासिलिसाने एक ध्यानात ठेवावे: ती जपमाळेच्या मण्यांची चौथी दहाई गाळते हे सगळ्यांना माहीत आहे. बाहेर जेवणाच्या शेवया थंड होत असतात म्हणून कोणी बोलत नाही, इतकेच.

कलम ३. शिलाई मशीन गावातल्या बड्या घरच्या डोन्या लिओनिला यांना द्यावी. पवित्र आठवड्यात त्यांच्या मालकीच्या दुःखी मातेच्या, म्हणजे मरियेच्या, पुतळ्याचा झगा दर वर्षी कमरेत घट्ट होतो. लाकडी मातेची कंबर वाढत नाही. शिंपी कापड चोरतो. हे मी चाळीस वर्षे सांगायचे टाळले, कारण मला ते बघायला आवडत होते.

कलम ४. आता संत पेत्र.

पेत्राचा हा पुतळा माझ्या पणजोबांनी घडवून घेतला. चार फूट उंच, टणक लाकडाचा, हातात किल्ल्या, पायाशी कोंबडा. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत तो सगळ्यांत पुढे असे. ऐकायला मान वाटतो, पण आमच्याकडे मानाची जागा शेवटची, आणि ती डोन्या लिओनिलांच्या मातेची. पुढच्या पेत्राकडे लोक पाहतात ते मिरवणूक निघाली का एवढे कळायला. दहा वर्षांपूर्वीच्या महापुरानंतर सगळे बदलले. लोक त्याला ‘चालणारा पेत्र’ म्हणू लागले, तो मातेच्या जवळजवळ बरोबरीने जाऊ लागला, आणि रुमाल घासून घासून लोकांनी त्याच्या उजव्या पायाचा अंगठा संपवला.

त्याचे काय झाले ते आता खरे लिहिते.

महापूर आला तेव्हा गाव सकाळीच शाळेत जाऊन बसले. मी गेले नाही. दुपारी पाणी कमरेला लागले, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर पेत्राला धरून बसले होते. तेवढ्यात बाहेरच्या छातीभर पाण्यातून दारात गामालिएल आला. माझ्या घरात तो त्याआधी कधी शिरला नव्हता.

“मनांग, चला,” तो म्हणाला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला मनांग म्हणतात. त्याला मी तसे म्हणायची परवानगी दिलेली नव्हती.

“आधी पेत्राला न्या.”

“अहो, ते लाकूड आहे. तरंगेल.”

“मग मीही तरंगते. जा तुम्ही.”

“बायकोने सांगितलंय, तुम्हाला घेतल्याशिवाय परत यायचं नाही.”

“मग तिलाच विचारा, मी एकदा नाही म्हटल्यावर काय होतं ते.”

त्याने वर छताकडे पाहिले. काय प्रार्थना केली देव जाणे. मग पाठ माझ्याकडे करून वाकला आणि म्हणाला, “द्या इकडे. आणि कुणाला सांगाल तर याद राखा.”

दर रविवारी ‘लाकडाचा देव चालत नाही, त्याला उचलून न्यावे लागते’ असे ओरडून सांगणारा तो माणूस पेत्राला पाठुंगळी घेऊन पाण्यात उतरला. चर्चचा गायकांचा माळा गावात सगळ्यांत उंच, तिथे त्याने त्याला उभे केले. मग परत येऊन मला तसेच पाठीवर घेतले आणि शाळेत नेऊन पोचवले. लोकांनी मला येताना पाहिले. पेत्राला कोणी पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरले. चर्च उघडले तर माळ्यावर पेत्र कोरडा ठणठणीत. खाली डोन्या लिओनिलांच्या मातेच्या चेहऱ्याचा रंग धुऊन गेलेला. गर्दी जमली. डोन्या माझ्यासमोर आल्या.

“एपिफानिया, तू आणलास त्याला?”

“मी? या गुडघ्यांनी?”

“मग कुणी आणला?”

गामालिएल मदतीच्या तांदळाची पोती घेऊन दारातच उभा होता. मी तोंडातून एक शब्द काढला नाही. मी फक्त वर पाहिले.

तेवढे पुरले. गालीलच्या सरोवरावर येशूकडे चालत जाताना जो पेत्र बुडायला लागला होता, तो आमच्या पुरावर चालत गेला असे संध्याकाळपर्यंत तीन गावांत झाले. दुसऱ्या दिवशी दोघीतिघींनी त्याला चालताना स्वतः पाहिलेलेही होते. गामालिएल आपल्या चपलांकडे पाहत राहिला. मला वाटले, भला माणूस, माझी लाज राखतो आहे.

दोन वर्षांनी मला राहवेना. कुमसारात पापांची कबुली देताना मी जाळीशी वाकून म्हटले, “फादर, तो चमत्कार आहे ना...”

“एपिफानिया,” फादर आन्सेल्मो म्हणाले, “यात्रेकरूंच्या दानातून चर्चचं छप्पर चाललंय. अर्धं झालंय. श्रद्धेच्या गोष्टीत फार खोल जाऊ नये. आणखी काही पाप?”

मी शेजारणीची कोंबडी हाकलल्याचे सांगितले. प्रायश्चित्त म्हणून तीन प्रार्थना मिळाल्या.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या हृदयाचा फोटो काढला आणि फोटोकडे न पाहता माझ्याकडे पाहिले. मी तशीच बहिणीच्या घरी गेले. एकतीस वर्षांनी. कोन्सोर्सियाने आल्याचा काढा पुढे ठेवला. मी प्याले. साखर जास्त होती. लहानपणापासून तिचा हात सैल.

मी गामालिएलला म्हटले, “मृत्युपत्रात खरं लिहिणार आहे. तुमचं नाव घालून. तुमची भलाई जगाला कळू दे.”

तो पांढरा पडला. “मनांग, तेवढं नका करू.”

“का?”

“माझ्या सभेतल्या लोकांना कळलं की मी मूर्ती पाठीवर वाहिली, तर मला व्यासपीठावरून खाली उतरवतील. तुम्हाला काय वाटलं, मी तुमच्यासाठी गप्प बसलो?”

मला तसेच वाटत होते. दहा वर्षे मी त्या माणसाच्या उपकाराखाली दबून त्याच्यासाठी मणी ओढले होते!

कोन्सोर्सिया तव्यावरचा मासा उलटत होती. तिने मान न वळवता सांगितले, “दोघंही उठता-बसता देवाचं नाव घेता, आणि भिता शेजाऱ्यांना. हिने त्याचं श्रेय लाटलं, याने स्वतःचं चांगलं काम चोरीसारखं लपवलं. त्या दिवशी याला पाठवलं मी. मला विचारलं का कुणी?”

आम्ही मासा खाल्ला. काटे तिने मला काढून दिले.

तरी मी लिहिते: पेत्र चालला नाही. त्याला पाळक गामालिएल तांदोक यांनी, बायकोच्या सांगण्यावरून, पाठीवर नेले.

कलम ५. पुतळा चर्चला मिळावा. अट अशी की ‘चालणारा पेत्र’ ही पाटी काढावी, रुमाल घासू देऊ नयेत, आणि मिरवणुकीत त्याला जुन्या जागी, सगळ्यांत पुढे न्यावे. छप्पर उतरवायची गरज नाही. पाऊस कॅथलिक आणि इतर असा भेद करत नाही.

कलम ६. माझ्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला कोन्सोर्सिया आणि तिच्या सभेची माणसे आली तर त्यांना पुढच्या बाकावर बसवावे. त्यांनी गिटार आणली तर वाजवू द्यावी. दोनच गाणी. जेवण सगळ्यांना एकाच पातेल्यातून वाढावे.

पाळक तांदोक यांना मी काहीही ठेवलेले नाही. वकील म्हणाले, कायद्याला तीन साक्षीदार पुरे. चौथी सही त्याची, मी हट्टाने मागितली. तो येईल असे मला वाटले नव्हते.

पुरवणी. वरील मजकूर वकिलांनी मोठ्याने वाचल्यावर पाळक तांदोक यांनी सही केली, पेन खाली ठेवले आणि सांगितले की हे मृत्युपत्र उघडेपर्यंत ते थांबणार नाहीत. येत्या रविवारी सकाळी नऊच्या सभेत उभे राहून ते स्वतः सगळे सांगणार आहेत, मग लोक ठेवोत की काढोत. मी पेन परत मागून घेतले आणि हे लिहिते आहे. मीही मेल्यावर नाही, येत्या रविवारीच चर्चमध्ये सांगणार. फादर आन्सेल्मोंना अजून कल्पना नाही. आमची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सकाळी सहाला असते.

सही: एपिफानिया लुमिबाओ

साक्षीदार (पहिल्या तिघा कॅथलिकांच्या कपाळावर आजच्या बुधवारची राख आहे, चौथ्याच्या नाही):
१. फ्लोरेंतिनो बाउतिस्ता, शाळामास्तर
२. ग्लिसेरिया माग्नो, सुईण
३. आपोलिनार सिसोन, घंटा वाजवणारे
४. गामालिएल तांदोक, पाळक

माझ्यासमोर लिहून, वाचून व सही करून पूर्ण झाले: रुपेर्तो काबिगास, वकील
बुलानाव, राखेचा बुधवार, ६ मार्च २०१९